न विचारता ठरवलेल्या अळंबीविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर एक गोष्ट सांगायची मी टाळली. फोन ठेवल्यापासून ती मनाला लागून राहिली आहे, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. येत्या सोमवारपासून घरी आठवड्यातून तीनदा २०० ग्रॅम ताजी अळंबी येऊ लागेल. पैसे भरून झाले आहेत आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींशीही माझे बोलणे झाले आहे. तुम्हांला आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. पण विचारले असते तर आई 'नको' म्हणाली असती, बाबा 'तिला नको तर मलाही नको' म्हणाले असते आणि विषय तेथेच मिटला असता. गेल्या खेपेला मी घरी होते ते चार दिवस तुम्ही दोघे रात्री चहा-बिस्किटांवर भागवत होतात. तुमच्या लेखी ती साधी सोय असेल. मला मात्र परतीच्या प्रवासात दुसरे काही सुचत नव्हते.

सर्वांत आधी सांगते, तुमच्या ताटातले काहीही कमी होणार नाही. दुपारचे जेवण जसेच्या तसे राहील, आईची सकाळची वेळ आणि बाबांचे चारचे दूध यांना कोणी हात लावणार नाही. अळंबी फक्त रात्रीच्या जेवणात असेल. आईची इच्छा नसेल तर ती वेगळ्या कढईत शिजेल आणि वेगळ्या झाऱ्याने वाढली जाईल. हे मी मावशींना दोनदा बजावले आहे.

आई, तू का नको म्हणतेस ते मला ठाऊक आहे. त्या पावसाळ्यात आत्याच्या घरी जे झाले ते मी विसरलेले नाही. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि रात्रभर तुझ्या पदराला धरून बसले होते. तुझी भीती खोटी नाही, आणि ती घालवण्याचा माझा प्रयत्नही नाही. रानात उगवलेल्या भूछत्रांविषयी ती कायमच असायला हवी. अमॅनिटा फॅलॉइड्स नावाचे विषारी छत्र दिसायला अगदी साधे असते. त्याचे विष उकळून, तळून किंवा वाळवूनही जात नाही. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ काही जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब होतात. मधेच माणसाला बरे वाटू लागते, आणि नेमके त्याच काळात यकृत निकामी होत असते. चांदीचे नाणे काळे पडले नाही किंवा लसणाचा रंग बदलला नाही म्हणजे अळंबी चांगली, ही समजूत साफ चुकीची आहे. विष ओळखण्याची अशी कोणतीही घरगुती परीक्षा नाही. त्यामुळे कोणीही प्रेमाने रानातली आणून दिली तरी ती घ्यायची नाही, हा नियम तुझाच राहील.

जी घरी येणार आहे ती मात्र लागवडीची आहे. एकाच ओळखीच्या जातीचे बियाणे निर्जंतुक वातावरणात तयार करतात, वाफेने तापवून शुद्ध केलेल्या खतात ते मिसळतात आणि बंद खोलीत, ठरावीक तापमानात त्याची वाढ करतात. तेथे दुसरे काही उगवून त्यात मिसळण्याला वाव राहत नाही. पांढरी गोल बटण अळंबी, तपकिरी अळंबी आणि तळहाताएवढी मोठी पोर्टोबेलो या तिन्ही एकाच जातीच्या, फक्त रंगाने आणि वयाने वेगळ्या. तुमच्यासाठी मी पांढरी बटण अळंबी निवडली आहे, कारण तिला उग्र वास नसतो. महिन्यातून एकदा धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची अळंबी, येईल. ती मऊ असते आणि आईच्या कवळीला त्रास देणार नाही.

बाबा, तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेत, तेव्हा नुसते 'तब्येतीला चांगली असते' म्हणून तुमचे समाधान होणार नाही. १०० ग्रॅम ताज्या बटण अळंबीत ९२ टक्के पाणी असते, साधारण २२ कॅलरी, ३ ग्रॅम प्रथिने आणि नगण्य चरबी. सोडियम जेमतेम ५ मिलिग्रॅम, आणि पोटॅशियम ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. तुमच्या रक्तदाबाला हे प्रमाण मानवणारे आहे, आणि तुमचे मूत्रपिंडाचे अहवाल चांगले असल्यामुळे पोटॅशियमची अडचण नाही. तरीही मी डॉक्टरांना विचारून खात्री केली. शिवाय रायबोफ्लेविन व नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वे आणि सेलेनियम व तांबे ही खनिजेही अळंबीत चांगल्या प्रमाणात असतात. मात्र ब१२ जीवनसत्त्व तिच्यात नसल्यात जमा आहे, त्यामुळे तुमची इंजेक्शने ठरल्या दिवशी झालीच पाहिजेत.

अळंबीत लपलेल्या चवीचे कारण ग्लुटामेट. जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. हे सांगण्यात माझा स्वार्थ आहे. ही चव जिभेला भरीव लागते, म्हणून पदार्थात मीठ कमी घातले तरी तो फिका वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ सांगते. तुम्ही ताटात वरून मीठ घेता हे मी पाहिले आहे, बाबा, आणि गप्प बसले, कारण जेवताना तुम्हांला टोकणे मला कधीच जमले नाही.

आता ड जीवनसत्त्वाविषयी. तुमच्या दोघांच्याही अहवालात ते कमी आले आहे. अळंबीत एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की त्याचे ड२ जीवनसत्त्व होते. अंधारात वाढलेल्या अळंबीत ते जवळजवळ नसते, पण खायच्या आधी तिला ऊन दाखवता येते. शुक्रवारी सकाळी अळंबीचे पातळ काप करून स्टीलच्या ताटात पसरावेत, खालची पडद्यांची बाजू वर करावी आणि ताट भर दुपारच्या उन्हात अर्धा ते एक तास ठेवावे. खिडकीच्या काचेआडून चालणार नाही. काच हव्या त्या किरणांनाच अडवते. अशा १०० ग्रॅम अळंबीत बहुधा १० मायक्रोग्रॅमहून अधिक ड२ तयार होते आणि शिजवल्यावर त्यातले बरेचसे टिकते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रोज २० मायक्रोग्रॅम लागते, असे अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांचे प्रमाण आहे. त्या मानाने ही भर लहान नाही. तरीही डॉक्टरांनी दिलेली पुडी चालूच ठेवायची. अळंबी हे अन्न आहे, औषध नव्हे. तिच्या जोरावर कोणतीही गोळी बंद करायची नाही, आणि जाहिरात पाहून अळंबीची कॅप्सूल किंवा भुकटी तर मागवायचीच नाही. बाबा, तुमची रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे आणि काही अर्कांचे तिच्याशी जुळत नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार बराच वेळ केला. आई, गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला, हे बाबांनी मला सांगितले. त्यांच्यावर रागावू नकोस. मीच खोदून विचारले होते. असे कोणाचेही होते, माझेही होते, आणि त्याला काही मोठे नाव द्यायची गरज नाही. पण सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात साठीच्या पुढच्या ६६३ माणसांचा आहार पाहिला होता. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा अळंबी खाणाऱ्यांत स्मरणशक्ती आणि आकलन किंचित मंदावण्याचे प्रमाण बरेच कमी आढळले. अळंबीमुळेच तसे झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण अळंबीत एर्गोथायोनीन नावाचे एक द्रव्य भरपूर असते, जे आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि अन्नातून आलेले मात्र पेशींत जपून ठेवते. आठवड्यातून तीनदा हा आकडा मी येथूनच घेतला. एवढ्या साध्या गोष्टीने थोडाही उपयोग होणार असेल तर ती राहून गेली, असे मला पुढे कधी वाटायला नको.

आता करण्याची रीत. मावशींना मी तोंडी सांगितली आहे, पण तू शेजारी उभी राहिलीस तरच ती नीट होईल. आल्याबरोबर अळंबी धुवायची नाही. कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायची. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत तिला घाम सुटतो आणि ती चिकट होते. चिकट झालेली किंवा आंबूस वास येणारी सरळ टाकून द्यायची, 'वाया कशाला घालवा' म्हणायचे नाही. करायच्या वेळी वाहत्या पाण्याखाली भराभर धुऊन लगेच फडक्याने कोरडी करायची, भिजत ठेवायची नाही.

मग रुंद कढई चांगली तापवून चमचाभर तेल घालायचे आणि काप एका थरात पसरायचे. ढीग झाला तर ते परतले जात नाहीत, आपल्याच पाण्यात शिजतात. पहिली दोन मिनिटे ते हलवायचेच नाहीत. नंतर पाणी सुटेल आणि भाजी बिघडली असे वाटेल, पण तेथे घाबरून झाकण ठेवायचे नाही. आच मोठीच ठेवावी. पाणी आटत आले की कढईतला बुडबुड आवाज थांबतो आणि पुन्हा चरचर सुरू होते. ती चरचर ऐकू आली की कापांच्या कडा तांबूस होऊ लागल्या असे समजावे. तेव्हाच ठेचलेला लसूण, मिरपूड आणि चिमूटभर मीठ घालून मिनिटभराने उतरवायचे. मीठ आधी घातले तर पाणी लवकर सुटते आणि रंग येत नाही. बाबांसाठी यातच दोन अंडी फोडून हलवली तर रात्रीचे जेवण दहा मिनिटांत होते.

आईसाठी मी सूप योजले आहे. एक कांदा थोड्या तेलावर मऊ होऊ द्यावा, त्यात २०० ग्रॅम अळंबी परतावी, दाटपणासाठी लहानसा बटाटा आणि तीन कप पाणी घालून पंधरा मिनिटे उकळावे, मग मिक्सरमधून काढून अर्धा कप दूध घालावे. चावायला काही राहत नाही. सोबत सुकी शिताके अळंबीही पाठवत आहे. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी आणि भिजवलेले पाणी फेकू नये. गाळून त्यातच भात शिजवला तर साऱ्या घरात वास दरवळतो. शिताके मात्र पुरती शिजलेलीच खायची, अर्धीकच्ची राहिली तर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे पुरळ उठते. एकंदरीतच अळंबी कच्ची खाऊ नये. तिच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात, बाबा, खेकड्याच्या कवचात असते तेच, आणि ते न शिजवता पचायला जड जाते. कायटिन उष्णतेने विरघळत नाही, म्हणून अळंबी जास्त वेळ शिजली तरी तिचा लगदा होत नाही. दोन-पाच मिनिटे इकडेतिकडे झाली तर काळजी नको.

पहिले दोन आठवडे अर्धी वाटीच खा. सवय नसलेल्या पोटात थोडा वायू धरतो, तो पुढे कमी होईल. उरलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवी आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायची. खाऊन अंगाला खाज सुटली किंवा ओठ सुजले तर लगेच थांबायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा, मला नंतर.

आई, मी लहानपणी तोंड घट्ट मिटून बसायचे तेव्हा तू कधी ओरडली नाहीस. चिऊचा घास, काऊचा घास करत ताट संपवायचीस आणि शेवटचा घास स्वतःच्या नावाने ठेवायचीस, कारण तो मी कधीच नाकारला नाही. सोमवारी सूप झाले की त्यातला एक चमचा माझ्या नावाने घे. आवडला नाही तर दुसरा घेऊ नकोस. मी शब्दानेही आग्रह करणार नाही आणि तुझ्या वाटचे बाबांना देऊन टाकायला मावशींना सांगेन. सोमवारी रात्री साडेआठला फोन करते. बाबांनी उचलू नये, तू उचल.

तुमची
धाकटी