नान्नजच्या माळावर झाडे लावू नका

महोदय,

पावसाळा आला की महाविद्यालयांची पथके रोपे घेऊन निघतात. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्यासाठी काही करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती : इथे झाडे लावू नका. १९७९ साली अभयारण्य झालेला हा माळ गवताचा आहे. दाट सावली पडली की पवन्या, मारवेल ही गवते हटतात. काळविटांचा चारा आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या धाविक, चंडोलांची जागाही जाते.

खरी गरज आहे ती वेडी बाभूळ आणि गिरिपुष्प ही बाहेरून आलेली, माळावर सावली धरणारी झाडे काढण्याची. नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून आणखी धुमारे फुटतात. टिकावाने खणून मूळ जमिनीखाली वीतभर खोल तोडावे लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरात माती ओली असताना लहान रोपे मुळासकट उपटता येतात; काट्यांसाठी जाड चामडी हातमोजे हवेतच. बाभळीच्या शेंगा तिथे टाकू नका, जनावरे त्या खातात आणि शेणातून बी सगळीकडे पसरते. जानेवारीत वनकर्मचाऱ्यांसोबत जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ कराव्यात. मार्च ते ऑगस्ट मात्र गवतात पाऊल नको, तेव्हा जमिनीवर घरटी असतात.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास द्यायचेच असतात. त्यातले निम्मे इथे द्या. वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या आणि एकाच पट्ट्यावर सलग तीन वर्षे या, कारण काढलेली बाभूळ पुढच्या पावसात बियांतून पुन्हा उगवते.

— गवताळ माळांचे अभ्यासक, सोलापूर