काळ्या रानात नुसतं सिमेंट ओतून रस्ता टिकत नसतो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पाणंद रस्त्याच्या बातमीत नारळ फोडतानाचा फोटो असतो, दोन पावसाळ्यांनी त्याच रस्त्याचा फोटो काढायला कुणी जात नाही, म्हणून लिहितोय. आमच्या वस्तीकडं जाणारा सिमेंटचा रस्ता मधोमध असा उकललाय की भेगेत चप्पल अडकते. लोक ठेकेदाराला शिव्या घालतात, त्याचंही काही असेलच, पण खरी गोम खालच्या रेगड, म्हणजे काळ्या मातीत आहे. ती पाणी पिऊन फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, ज्याच्या घराचं दार पावसाळ्यात लागत नाही त्याला हे शिकवायला नको. असल्या हलत्या जमिनीवर सहा इंच सिमेंट टाकलं तर ते फुटणारच की.

आधी माती पक्की करा, अन् तीही सिमेंटनं नको, चुना अन् राखेनं. चुना मिसळला की काळ्या मातीचा चिकटपणा एक-दोन दिवसात कमी होतो, ढेकूळ भुरभुरीत होतं, मग पुढं कित्येक आठवडे चुना अन् राख मिळून हळूहळू घट्ट होत जातात. राख म्हणजे कोळसा जाळून उरलेली, ती तर परळी थर्मलच्या वीज केंद्राची आपल्या दारातच आहे, फाटक्या ताडपत्रीतून अंगावर उडते तीच. पण ती एकटी जमत नाही, तिच्यात स्वतःचा चुना कमी असतो.

मी काही इंजिनिअर नाही. घरी दोन लाडू वळले, एक नुसत्या काळ्या मातीचा, एकात चुना अन् राख. आठवडाभर ओल्या गोणपाटात ठेवले अन् बादलीत सोडले. साधा लाडू चहा होईपर्यंत विरघळून गाळ झाला. दुसरा अजून बादलीत बसलाय, आई म्हणते गणपती विसर्जन केलंय का काय.

सिमेंटवर राग का, तर चुनखडी साधारण १४५० अंशावर भाजावी लागते अन् दगडातूनच कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो, भट्टीच्या कोळशाचा धूर वेगळाच. चुना पण भट्टीतूनच येतो, तो काही धुतल्या तांदळासारखा नाही, फरक मापाचा आहे. हिशोब बघा, १ किलोमीटर रस्ता, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटीमीटर, म्हणजे ४५० घनमीटर. काँक्रीट केलं तर घनमीटरला ३०० किलो धरून १३५ टन सिमेंट. तेवढीच माती पक्की करायला ४ टक्के चुना धरला तर २९ टनाच्या आसपास, राख वेगळी. वरून मुरूम-खडीचा थर लागणारच, त्यामुळं हे अगदी समोरासमोर तोलता येत नाही, पण अंदाज येतो.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची याच कामासाठी एसपी ८९ ही मार्गदर्शिका २०१० पासून आहे, म्हणजे नवीन काही मागत नाहीये. पण कुणी उठून चार पोती चुना फेकला अन् झालं असं करू नये. माती लॅबला तपासावी लागते कारण मातीत सल्फेट नावाचा क्षार जास्त असला तर चुन्यानं उलटी फुगते. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं, रोटाव्हेटरनं नीट मिसळून, रोलरनं दाबून, आठवडाभर ओलं ठेवून. जूनमध्ये बिल काढायच्या घाईत केलं तर पैसे पाण्यात. कळीचा चुना उघड्या हातानं हाताळू नये, अन् राख विहिरीजवळ तर नकोच.

तालुक्यात दोनशे मीटरचा एक तुकडा असा करून बघा, शेजारी दोनशे मीटर नेहमीचा, अन् दोन पावसाळे बघू काय होतं ते. मातीची अडचण असेल तर आमच्या रानातली दोन पोती मी स्वतः लॅबला पोच करतो, भाडं पण मागत नाही.

– एक शेतकरी वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड