संगणक विकताना त्याचा आवाजही ऐकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थीच्या खरेदीनिमित्त आपल्या पुरवणीत घरगुती संगणकांवर पानभर मजकूर आला होता. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, किंमत, सगळे होते. पण चालू केल्यावर संगणक किती आवाज करतो, याबद्दल एक ओळही नव्हती. टीव्हीला जोडून नाटके, मैफली, सिनेमे बघायचे असतील तर पहिली चौकशी आवाजाचीच करायला हवी. मी ती केली नाही आणि पस्तावलो, म्हणून हे पत्र.

मी म्हार्दोळला राहतो, मुलांना पेटी शिकवतो. आयुष्यभर जमवलेल्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका, अभिषेकीबुवांच्या मैफली, आमच्या भागातल्या उत्सवी नाटकांची चित्रणे असे बरेच आहे. ते वसरीलगतच्या खोलीत टीव्हीवर लावून मुलांना दाखवावे, ऐकवावे या हेतूने दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून तयार संगणक घेतला. काचेचे दार, आत रंगीत दिवे, वेगळे ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय. दुकानदार म्हणाला, "सर, एकदम पॉवरफुल मशीन आहे, डोळे झाकून घ्या." दुकानात एसी घरघरत होता, बाहेर बसगाड्यांचे भोंगे. मशीनचा आवाज तिथे कळणार कसा?

तो कळला रात्री. पाऊस थांबला होता, कौलांच्या पागोळ्याही थांबल्या होत्या. एका घरगुती मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. तानपुरा सुरू झाला आणि त्याच्याखालून दुसराच एक सूर यायला लागला. सुरुवातीला वाटले, कॅसेटचाच दोष असेल. मग पेटी पुढे ओढली, भाता हलवत एकेक पट्टी दाबत गेलो. सफेद चारवर, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीवर, तो सूर नेमका जुळला. मैफलीतल्या गायिका काळी तीनमध्ये, म्हणजे तिच्या लगेच वरच्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गात होत्या. म्हणजे त्यांच्या षड्जाला खेटून, अर्धा सूर खाली, पूर्ण मैफलभर संगणकाच्या पंख्याने आपला सूर लावून धरलेला. माझा एक विद्यार्थी इंजिनियरिंगला आहे. त्याने पंख्याचे फेरे मोजणारा प्रोग्रॅम उघडून दाखवला. मागच्या बारक्या पंख्याचे मिनिटाला सुमारे ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०. पाती सात. पन्नास गुणिले सात, सेकंदाला ३५० कंपने. सफेद चारची कंपने ३४९ च्या आसपास असतात. माझ्या कानाने सांगितले तेच हिशेबातून निघाले.

त्यानंतर त्या मुलाच्या मदतीने एकेक भाग निवडून दुसरा संगणक जोडला. काय कळले ते आपल्या वाचकांसाठी लिहितो.

संगणकातला बहुतेक आवाज उष्णतेपायी होतो. प्रोसेसर वीज खातो, तापतो, त्याला निववायला पंखा फिरतो. तेव्हा मुळात कमी तापणारा प्रोसेसर घ्यावा. आम्ही २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० घेतला. त्याची उष्णतेची मर्यादा ६ वॅट आहे आणि तो मदरबोर्डावरच (सगळे भाग जोडले जातात त्या मुख्य पाटीवर) बसवलेला मिळतो. सहा वॅटमध्ये ४के, म्हणजे आजच्या मोठ्या टीव्हींचे अतिस्पष्ट चित्र कसे चालेल, अशी मला शंका होती. पण व्हिडिओ उलगडण्याचे काम त्याच्या आतला एक वेगळा भाग करतो. एचइव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे व्हिडिओ दाबून साठवण्याचे आजचे प्रकार तो भाग स्वतःच हाताळतो आणि मुख्य प्रोसेसर जवळजवळ निवांत असतो. सिनेमा बघण्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. ते कार्ड आणि त्याचे पंखे यांसाठी मी उगाच पैसे मोजले, याचे मला आजही वाईट वाटते.

लहान आणि शांत या दोन गोष्टींचे एकमेकींशी पटत नाही, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. टीव्हीखाली मावणारा सुबक डबा सगळ्यांना हवा असतो. पण लहान डब्यात लहान पंखा बसतो आणि तेवढीच हवा ढकलायला त्याला जोरात फिरावे लागते. तो कानाला टोचतो. १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरून तेच काम करतो आणि त्याचा सूर खर्जात जातो, म्हणून सहन होतो. तेव्हा दोनच मार्ग उरतात. पंखाच लागू नये इतका थंड प्रोसेसर घ्यावा, नाहीतर डबा थोडा मोठा घेऊन त्यात मोठा, संथ पंखा बसवावा. आमचा बोर्ड १७० मिलिमीटर चौरस, मिनी-आयटीएक्स मापाचा आहे. त्यावर पंखा नाही, नुसता ॲल्युमिनियमचा पन्हाळीदार ठोकळा आहे. वीजपुरवठ्याला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर, त्यामुळे पॉवर सप्लायचा पंखाही गेला. फक्त हा डबा शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नये. मे महिन्यात आपल्याकडे तो तिथे भाजून निघेल.

बिनपंख्याचा आणखी एक फायदा आपल्या हवेत फार मोठा आहे. पंखा हवेबरोबर धूळ आत ओढतो. पावसाळ्यात ती दमट होऊन पन्हाळ्यांत चिकटते, उष्णता बाहेर पडत नाही आणि पंखा आणखी जोरात फिरतो. जुना संगणक उघडला तेव्हा आत तांबड्या मातीचा थर बसला होता. बोटाने खरवडून काढावा लागला.

हार्ड डिस्कचे दुखणे वेगळे. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि ती थरथर लाकडात उतरते. आमची सागवानी मांडणी तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखी घुमत होती. डिस्कखाली रबराच्या चकत्या घातल्या तेव्हा घुमणे निम्म्यावर आले. आता डब्यात फक्त एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, आहे. तिच्यात फिरणारे काही नाही. सगळा संग्रह असलेली मोठी डिस्क आतल्या खोलीत राउटरशेजारी ठेवली आहे. टीव्ही ४के असेल तर बोर्डावर टीव्हीची केबल लावायची एचडीएमआय जोडणी २.० आवृत्तीची आहे ना, एवढे विचारावे. १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० चौकटींपुढे जात नाही. रॅम ८ जीबी पुरते.

ज्यांना नवे घेणे परवडत नाही त्यांनी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पंख्याची गती कमी करून बघावी. चार पिनांचा पंखा असेल तर ते सहज जमते. गती स्थिर ठेवावी. एकाच सुरात चाललेला आवाज कान थोड्या वेळाने सोडून देतो, पण वर-खाली होणारा आवाज दर वेळी लक्ष ओढून घेतो.

संपादक महोदय, माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या संगणकविषयक पानावर प्रत्येक यंत्रापुढे त्याचा आवाज डेसिबलमध्ये, किती अंतरावरून मोजला त्यासह, छापावा. दहा डेसिबल वाढले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, हेही वाचकांना सांगावे, नाहीतर २५ आणि ३५ मधला फरक किरकोळ वाटेल. दुसरी विनंती दुकानदारांना आहे. मागे एखादी बंद, शांत खोली ठेवा, मशीन चालू करून सिनेमा लावा आणि गिऱ्हाइकाला पाच मिनिटे तिथे बसू द्या. पेटी विकत घेताना आम्ही सगळे सूर वाजवून बघतो आणि दुकानदार ते आनंदाने करू देतो.

आपला नम्र,
एक पेटीशिक्षक,
म्हार्दोळ, ता. फोंडा