नोकरी आणि कादंबरीबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आईला लगेच भरून आलं असतं आणि बाबा, तुम्ही गप्प झाला असतात, म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यापासून मी ऑफिसात अर्धाच वेळ काम करणार आहे. अर्ज मंजूर झालाय. उरलेल्या वेळात कादंबरी लिहिणार.

पगार कमी होईल, पण भाडं, किराणा आणि तुमची औषधं त्यात बसतात, वहीत सगळं मांडून बघितलंय. विमा चालू आहे. डबाही चालू आहे. आई, शेंगा चटणी अजून अर्धी बरणी आहे, काळजी करू नकोस.

बाबा, बोर्डाचे पेपर घरी आले की मला गप्प बसवायला तुम्ही वाचनालयातून पुस्तकं आणायचात. त्यातच ‘द हॉबिट’ आलं. इंग्रजी अडलं की लाल पेन बाजूला ठेवून तुम्ही अर्थ सांगायचात. ते लिहिणारे टॉल्किनसुद्धा प्राध्यापकी सांभाळून जास्तीच्या पैशांसाठी शालान्त परीक्षेचे पेपर तपासायचे. कुणा मुलानं कोरं सोडलेलं पान समोर आलं आणि त्यावर त्यांनी या गोष्टीचं पहिलं वाक्य लिहिलं! पुस्तक निघालं १९३७ मध्ये, पुढची मोठी गोष्ट छापायला लागली १९५४ पासून. इतकी वर्षं नोकरी होतीच. मीही ती सोडत नाहीये, बाबा.

आणि त्या गोष्टीतला तो बिल्बो. चहा, भरलेलं फडताळ, आपलं घर, एवढंच त्याला हवं असतं. तो ड्रॅगनच्या बोगद्यात एकटा उतरतो तिथं मला दर वेळी आई दिसते, त्या वर्षी कोर्टात एकटी गेलेली.

माझी गोष्ट सोलापूरचीच आहे. सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, गड्ड्याला, बाबांच्या खांद्यावरून ७ नंदीध्वज बघायचे, अक्षता टाकायचे, आणि होमाच्या रात्री, त्यांच्या योगदंडाशी लग्न लागलेली कुंभारकन्या अग्नीत गेली म्हणून आईच्या कुशीत रडायचे. माझ्या कादंबरीत ती होमातून बाहेर येते आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांच्या वाटेनं निघते. आई, सिद्धरामेश्वरांचा मान कुठंही कमी होणार नाही. लिहिलेलं आधी तुलाच वाचून दाखवीन, तुला खटकेल ते बदलू.

आता ऐका. पाण्याच्या दिवशी बाबांनी बादल्या जिन्यावरून न्यायच्या नाहीत, खालच्या मुलाला मी सांगून ठेवलंय. दुपारी बारा ते पाच दोघांनीही बाहेर पडायचं नाही. कूलर लावा, बिल मी भरते. आई, उपवासाच्या दिवशीही बीपीची गोळी घ्यायचीच, आणि मोतीबिंदूची तारीख आता पुढं ढकलायची नाही. ऑपरेशनला मी येऊन राहणार आहे, आता सुट्टी मागायचीही गरज नाही.

नानाकाकांना तुम्हीच सांगा, बाबा. शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतेय. जेवायला थांबू नका, कडक भाकरी आणि दही ठेवलं तरी पुरे.

तुमची,
छकुली