तक्रार पत्र : एचडीआर लावले की टीव्ही अंधारतो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या ५५ इंची ४के एचडीआर टीव्हीचे अंधुक चित्र आणि न तपासता बंद केलेली तक्रार

महोदय,

सांगलीच्या गणपती पेठेतील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या टीव्हीबद्दल हे पत्र आहे. बिल आणि वॉरंटी कार्डाच्या प्रती, तसेच सिरियल नंबरचा फोटो सोबत जोडला आहे. साधे चित्र लख्ख दिसते, पण एचडीआर (अंधार आणि उजेड यांतला जास्त फरक दाखवणारे चित्र) सुरू झाले की तेच चित्र मावळते. एवढीच तक्रार आहे.

आपला तंत्रज्ञ येऊन गेला. मुलगा बोलायला चांगला, पण उजेड मोजायला त्याने काही आणले नव्हते. रिमोट घेऊन 'व्हिव्हिड' मोड लावला, "काका, एचडीआर असंच असतं, पडदे ओढून बघायचं" म्हणाला आणि ओटीपी घेऊन गेला. संध्याकाळी 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज! व्हिव्हिडमध्ये बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा हळद लागल्यासारखा पिवळा दिसतो. त्याला निवारण म्हणत असाल तर बोलणेच खुंटले.

'सेटिंग तपासा' हे उत्तर पुन्हा येऊ नये म्हणून आधीच सांगतो. वीज बचत मोड कारखान्यातूनच चालू होता, तो बंद केला. खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र कमीजास्त करणारा सेन्सर बंद केला. एचडीएमआय पोर्टचा सिग्नल फॉरमॅट 'एन्हान्स्ड'वर नेला. केबलचा प्रश्न उरत नाही, कारण टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा लावला तरी हेच होते. फिल्म मोड, टोन मॅपिंग, काँट्रास्ट सगळे फिरवून झाले. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, तर एचडीआर लागताच आपोआप शंभरवर जातो. त्याच्यापुढे आकडाच नाही.

मी लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय करतो, त्यामुळे उजेड मोजायचे साधन घरात आहे. अंधार करून, टीव्हीवर काळ्या पार्श्वभूमीवर पडद्याच्या १० टक्के आकाराचा पांढरा चौकोन लावला आणि स्पॉट मीटर (एका ठिकाणचाच उजेड मोजणारे यंत्र) धरला. आयएसओ १०० ला ईव्ही (मीटरवरचा उजेडाचा आकडा, एकाने वाढला की उजेड दुप्पट) ११ आले, म्हणजे साधारण २५० निट्स. निट्स हे पडद्याच्या उजेडाचे माप. मग पूर्ण पडदा पांढरा केला, तरी तेच. लहान भागाला जास्त उजेड देण्याची सोय असती तर चौकोनाचा आकडा वर गेला असता. उलट चौकोन आला की भोवतालचा काळाही राखाडी होतो, म्हणजे बॅकलाइट सगळीकडे सारखाच पेटतो. तिथेच ठेवलेल्या माझ्या एडिटिंग मॉनिटरवर त्याच चौकोनाला ईव्ही १३ च्या आसपास मिळतात, म्हणजे चौपट.

आता हे अंधुक का दिसते ते. साधे चित्र साधारण १०० निट्स धरून तयार केलेले असते. तुमचा टीव्ही बॅकलाइट वाढवून ते अडीचपट उजळ दाखवतो, म्हणून ते लख्ख वाटते. एचडीआर१० या एचडीआरच्या नेहमीच्या प्रकारात ही मोकळीक नाही. चेहरा किती निट्स आणि दिवा किती निट्स, हे सिग्नलच ठरवून देतो. १००० निट्सला ग्रेड केलेले, म्हणजे तेवढा उजेड धरून तयार केलेले दृश्य २५० निट्सच्या पॅनेलवर मावत नाही, मग टीव्ही सगळेच खाली दाबतो. हरिपूरच्या एका लग्नातली माझीच क्लिप लावून पाहिली. मॉनिटरवर नथीचा एकेक मोती वेगळा चमकतो आणि मागचा मंडपाचा पांढरा कपडा त्याच्याखाली राहतो. तुमच्या टीव्हीवर मोती आणि कपडा एकाच मळकट पांढऱ्यात मिसळतात, आणि नवरीचा चेहरा वीज गेल्यावर काढल्यासारखा येतो.

खोक्यावर 'लोकल डिमिंग' (बॅकलाइट भागाभागाने कमीजास्त करण्याची सोय) लिहिलेले नाही, हे मान्य. पण 'एचडीआर' मोठ्या अक्षरांत आहे आणि निट्सचा आकडा खोक्यावर, पुस्तिकेत, वेबसाइटवर कुठेच नाही. एचडीआर सिग्नल समजतो आणि एचडीआर दाखवू शकतो, यात फरक आहे. तो ग्राहकाने दुकानातल्या डेमो मोडवरून ओळखायचा कसा?

तेव्हा या मॉडेलचा कमाल उजेड १० टक्के चौकोनाला आणि पूर्ण पडद्याला किती निट्स, हे मला लेखी कळवा. माझा संच त्याहून कमी देत असेल तर पॅनेल वॉरंटीत बदलून द्या. आणि २५० निट्स हाच तुमचा आकडा असेल, तर संच परत नेऊन पूर्ण रक्कम द्या. एक्स्चेंजमध्ये वरचे मॉडेल घ्या, हा विक्रेत्याचा सल्ला मला मान्य नाही.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे मला सांगली सोडावी लागणार नाही.

पुन्हा माणूस पाठवणार असाल तर मीटरसह पाठवा आणि आदल्या दिवशी फोन करा. लग्नाच्या तिथीला मी घरी नसतो.

आपला,
एक ग्राहक
विश्रामबाग, सांगली