यादी करण्याआधी मुलाला विचारा

माननीय शिक्षणमंत्री,
सविनय नमस्कार.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या साहाय्यक साधनांचं नियोजन बहुतेकदा खरेदीच्या यादीपासून सुरू होतं आणि वाटपाच्या फोटोपाशी संपतं. मी विशेष शिक्षिका आहे. माझं काम फोटोनंतर सुरू होतं, म्हणून हे पत्र.

फिलिप्स आणि झाओ यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या २२७ प्रौढ वापरकर्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २९.३ टक्के साधनं पूर्णपणे बाजूला पडलेली आढळली. वापरणाऱ्याचं मत न घेणं, साधन नीट न चालणं, गरज बदलणं ही कारणं अपेक्षितच होती. चौथं मात्र वाटपवाल्यांनी पुन्हा वाचावं: साधन फार सहज मिळणं.

श्रवणयंत्राचंच घ्या. ते शिक्षकांच्या आवाजाबरोबर पंखा, सरकणारे बाक आणि मागची कुजबुजही मोठी करतं. शिक्षक फळ्याकडे वळले की शब्द आणखी हरवतात. त्यावर उपाय आहे. शिक्षकांनी छोटा माइक लावायचा, आवाज थेट मुलाच्या कानातल्या यंत्रात जातो. पण तो माइक रोज चार्ज कोण करणार? दुसरं मूल उत्तर देताना तो त्याच्या हातात कोण देणार? मूल वाढतं तसा कान वाढतो, मग कानातला साचा नवा करायला कोण नेणार? नियोजन म्हणजे या प्रश्नांपुढे माणसांची नावं लिहिणं. खरेदी हा त्यातला सोपा भाग.

साहाय्यक साधनांच्या तज्ज्ञ जॉय झबाला यांच्या, साधन निवडण्यासाठीच्या ‘सेट’ या आराखड्यात क्रम स्पष्ट आहे: विद्यार्थी, परिसर, करायचं काम आणि सगळ्यात शेवटी साधन. या क्रमाने गेलं तर कधी स्वस्तातही भागतं. अंध विद्यार्थ्यांसाठी ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे. खर्च लागतो तो शिकवणाऱ्या माणसावर, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच दिसत नाही. परीक्षेचंही तसंच. वर्षभर हाताशी असलेलं साधन परीक्षेच्या खोलीत चालणार नसेल, तर ते आधीच कळायला हवं.

तेव्हा पुढची निविदा काढण्याआधी काही आठवडे साधनं उसनी देऊन वर्गातच वापरून बघू द्या. दुरुस्तीसाठी आणि प्रशिक्षणासाठी वेगळा निधी ठेवा. आणि मुलांना विचारा, हे यंत्र सगळ्यांसमोर लावायला आवडेल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर का ते समजून घेतल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही करू नका.

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका