सील फोडल्याशिवाय वाचता न येणारी अट

कोथरूड, पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : दिवे मंद करणाऱ्या आठ डिमर मॉड्यूलपैकी सात निरुपयोगी ठरल्याने रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : २४ सप्टेंबर २०२५ चे बिल, ९ ऑक्टोबरची माझी ईमेल आणि त्यानंतरचे अकरा फोन.

महोदय,

अकराही फोनवर आपल्या माणसांनी मला ‘सर’ म्हटलं. मी बाई आहे, बँकेतून निवृत्त झालेली, आणि आपल्याच बिलावर नावाआधी ‘श्रीमती’ छापलेलं आहे. किरकोळ गोष्ट आहे, मान्य. पण समोरच्याकडे नेमकं काय आहे हे न पाहता बोलायचं, ही जी आपल्याकडची पद्धत आहे तिच्यापायीच माझे पैसे गेले, म्हणून आधी तेच सांगितलं.

मुळात मला हवं होतं ते फार थोडं. माझी आई ८४ वर्षांची आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून रात्री पॅसेजचा दिवा लावला की तिचे डोळे दिपतात, आणि नाही लावला तर ती भिंत चाचपडत बाथरूमपर्यंत जाते. रात्री अकरानंतर पॅसेजचे दोन दिवे आपोआप दहा टक्क्यांवर यावेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाणेरच्या आपल्या दालनात प्रात्यक्षिक पाहिलं. समईतलं तेल संपत आल्यावर वात जशी सावकाश उतरते, तसा तो प्रकाश उतरला. मग हॉल, दोन्ही बेडरूम, स्वयंपाकघर असं करत दोनाचे आठ झाले. तो मोह माझा, त्याचं खापर आपल्यावर फोडत नाही.

पैसे देण्यापूर्वी मी दोन प्रश्न मात्र विचारले होते. इमारत १९८८ ची आहे, वायरिंग जुनं आहे, चालेल का? आणि घरात बहुतेक दिवे एलईडी आहेत, ते मंद होतील का? दोन्हींना एकच उत्तर मिळालं : “सगळ्यांना चालतं, मॅडम.” (समोर उभी असताना मी मॅडम होते.) खोक्यावरही ‘सर्व एलईडी दिव्यांसाठी’ असं ठळक छापलेलं आहे.

५ ऑक्टोबरला आपला तंत्रज्ञ येऊन आठही मॉड्यूल बसवून गेला. त्या रात्री पॅसेजचे दिवे मंद झाले ते लुकलुकतच. पूर्ण बंद केले तरी काजव्यासारखे मिणमिणत राहिले. आईने दोन रात्री काढल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अगं, यापेक्षा तो झिरोचा बल्ब बरा होता.”

तेव्हा मी खोक्यातला कागद काढून वाचला. कर्जाची कागदपत्रं तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे बारीक अक्षर मी सोडत नाही. चौथ्या पानावर लिहिलं होतं : किमान भार २५ वॅट. माझ्या पॅसेजमध्ये ६ वॅटचे दोन दिवे आहेत, म्हणजे १२ वॅट. पुढे आणखी एक ओळ होती : डिमिंगची सोय असलेले एलईडीच वापरावेत. खोक्यावरचे ‘सर्व एलईडी’ चौथ्या पानापर्यंत येताना ‘काही एलईडी’ झाले होते.

आता हा कागद असतो सीलबंद पाकिटात, आणि पाकिटावर छापलेलं आहे : ‘सील फोडल्यास माल परत घेतला जाणार नाही.’ म्हणजे अट वाचायची तर सील फोडायचं, आणि सील फोडलं की अट मान्य केल्यासारखंच. बँकेत असा कागद कुणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

नवे, डिमिंगवाले दिवे आणायला मी तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेले. तिथल्या एका हातभर रुंदीच्या दुकानात, दिवा दाखवण्याआधीच, दुकानदाराने चार प्रश्न विचारले. बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आहे का? एका बटणावर किती वॅट आहेत? दिवा कसला आहे? डिमर लीडिंग एजचा की ट्रेलिंग एजचा? हे चार प्रश्न आपल्या वातानुकूलित दालनात कुणी विचारले असते, तर या पत्राची वेळच आली नसती.

त्याने समजावलेलं मला जसं कळलं तसं लिहिते. पॅसेजच्या बोर्डावर सॉकेट नाही, फक्त दिव्यांची बटणं आहेत. अशा जुन्या बोर्डात फेज येते आणि दिव्याकडे जाते, न्यूट्रल तिथे आणलेलाच नसतो. मग दोन तारांवर चालणारं आपलं मॉड्यूल स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढतं. दिवा बंद असतानाही ती झिरपत राहते, एवढ्याशा विजेवरही एलईडी उजळतो, म्हणून तो काजवा. मंद केल्यावरचं लुकलुकणं वेगळं. घरात येणारा प्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. आपलं मॉड्यूल लीडिंग एजचं. त्यातला ट्रायॅक, म्हणजे विजेची चालू-बंद कळ, दर वेळी लाटेचा काही भाग उलटून गेल्यावर एकदम चालू होतो आणि चालू राहायला त्याला ठरावीक प्रवाह लागतो. १२ वॅटमध्ये तेवढा मिळत नाही, म्हणून तो मध्येच सोडून देतो. ट्रेलिंग एजचं मॉड्यूल लाटेच्या सुरुवातीला, शून्यापासून, चालू होतं आणि शेवट कापतं. एलईडीच्या ड्रायव्हरला, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या भागाला, ते मानवतं. तसं न्यूट्रलवर चालणारं मॉडेल आपण स्वतः विकता, हेही मला तपकीर गल्लीतच कळलं. दोन्ही बेडरूमच्या बोर्डांवर सॉकेट आहेत, न्यूट्रल आहे. तिथे ते सहज बसलं असतं. पॅसेजसाठी, ती झिरपणारी वीज बाजूने वळवणारा, दिव्याला समांतर जोडायचा बायपासही आपल्याच यादीत आहे. तो आपल्या तंत्रज्ञाच्या पिशवीत नव्हता. त्याने त्याचं नावही काढलं नाही.

हॉलच्या छताच्या कडेने १२ व्होल्टची एलईडी पट्टी आहे. तिचा प्रकाश कमीजास्त करायचा तर ड्रायव्हर आणि पट्टी यांच्यामध्ये वेगळा डिमर लागतो. आपल्या माणसाने मॉड्यूल जोडलं ते ड्रायव्हरच्या आधी, २३० व्होल्टच्या बाजूला. तो ड्रायव्हर मंद होण्यासाठी बनवलेलाच नव्हता. काही दिवस गुणगुणला आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पाहुणे बसलेले असताना, गेला. बेडरूममध्ये आणि स्वयंपाकघरात तर दिव्यांची तीच लुकलुक, ती पुन्हा सांगत नाही.

आठव्या मॉड्यूलबद्दल मात्र सांगायलाच हवं. ते त्याने पंख्याला लावलं. “स्पीडही कंट्रोल होईल,” म्हणाला. पंखा भुंग्यासारखा घोंघावू लागला. मोटरला जोडू नये, असं आपल्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर आहे. सोसायटीच्या वायरमनने ते काढून पुन्हा कपॅसिटरचा साधा रेग्युलेटर बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्याला बहुधा माझी दया आली असावी.

एक तक्रार वीज गेल्यावरची. पहाटे तीनला वीज गेली आणि परत आली, तर सगळे दिवे शंभर टक्क्यांवर लागले. आई दचकून उठून बसली. वीज परतल्यावर दिवे कसे असावेत याची सोय अ‍ॅपमध्ये सापडली नाही. फोनवर ‘पुढच्या अपडेटमध्ये’ असं उत्तर मिळालं. आईचं वय पाहता पुढचं अपडेट नक्की कधी, तेही कळवावं.

एक मॉड्यूल उत्तम चालतं, हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. हॉलमध्ये आजोबांच्या वेळची काचेची हंडी आहे, तिच्यात ४० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब आहेत. ती अगदी प्रात्यक्षिकात पाहिल्यासारखी उतरते. मग शंका आली म्हणून गेल्या शनिवारी पुन्हा बाणेरला जाऊन नीट पाहिलं. आपल्या प्रात्यक्षिकाच्या फळीवरही तारेचे पिवळे बल्बच आहेत. एलईडीसाठी म्हणून माल विकायचा आणि तो दाखवायचा आजोबांच्या बल्बवर, याला काय म्हणावं ते आपणच ठरवा.

हिशेब असा. दर मॉड्यूलचे २,६५० रुपये, सातांचे १८,५५०. बसवणावळीचे ३,००० रुपये घेतले होते. हंडीचं मॉड्यूल चालतं म्हणून आठवा हिस्सा, ३७५ रुपये, सोडते. राहिले २,६२५. जळालेल्या ड्रायव्हरचे ९०० रुपये. एकूण २२,०७५ रुपये माझ्या खात्यात जमा करावेत आणि सात मॉड्यूल आपल्या माणसाने घरी येऊन न्यावीत. मी बाणेरला आणून देणार नाही. किमान भाराची आणि दिव्याच्या प्रकाराची अट खोक्याच्या बाहेर छापावी, मराठीतही.

सील फुटल्याचं, फोनवर दिलेलं कारण कृपया पुन्हा देऊ नये. माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरावी, असं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो. सदोष माल या मुदतीत परत न घेणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नाही, आणि माझी पहिली लेखी तक्रार पंधराव्या दिवशी आपल्याकडे पोहोचली आहे. आजपासून १५ दिवसांत रक्कम आली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून पुढे पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली याच शहरात सुरू झाली, आणि मला आता वेळच वेळ आहे.

पॅसेजमध्ये सध्या झिरोचा बल्ब लावला आहे.

आपली,
(नाव व पत्ता बिलावर आहे. ‘श्रीमती’सह वाचावे.)

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचा व माहितीपत्रकाच्या पान २ आणि ४ चा फोटो, ९ ऑक्टोबरच्या ईमेलची प्रत.